घाण्यावर राहिलेलं पोतं

दत्तू, काल तुझ्या तेराव्याच्या पुऱ्या तुझ्याच शेंगांच्या तेलात तळल्या. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर तू जिथे असशील तिथे शेजारच्याला विचारत बसशील, "तेल कुठलं व्हतं रं?" पामतेल नव्हतं. थेंबभरसुद्धा नव्हतं. मी स्वतः घाण्यापाशी उभा राहून काढलंय.

कसं काय झालं ते सांगतो, पण मधे बोलायचं नाही. शाळेत एका बाकावर बसलो तेव्हापासून तू मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस. आता ऐक. हे लिहिताना मी मधेच हसतो आणि लगेच चष्मा पुसतो. राजेश दोनदा डोकावून गेला, बापाला काय झालंय बघायला. मी त्याला हाकलून दिलं.

तू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दुकानातच होतो. राजेश काउंटरवर पामतेलाच्या पिशव्या रचत होता. फोन त्यानेच घेतला. म्हणाला, "पप्पा, दत्तूकाका गेले." मी म्हटलं, "कुठे गेला? सोमवारी यायचं म्हणाला होता की!" खरंच असं म्हटलं मी. पोरानं हातातली पिशवी खाली ठेवली. मग त्यानं सांगितलं की रानात पाणी धरता धरता तू बांधावर टेकलास आणि पुन्हा उठला नाहीस. मी चपला न घालता बाहेर आलो आणि दिसली त्या वडापच्या जीपमध्ये बसलो. घाण्यावर तुझी चार पोती तशीच उभी होती. निघताना त्यांच्याकडे बघवलं नाही.

दहाव्याला घोड नदीच्या काठी पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरतोय तोवर कावळा आलासुद्धा. माणसं अजून नीट उभी राहिली नव्हती. तुझा चुलतभाऊ म्हणाला, "बघा राव, काय बी मागं ठेवलं न्हाई माणसानं. समाधानी गेला." सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकांनी डोळे पुसले. मला मात्र असा राग आला दत्तू, असा राग आला! अरे, मी इथे उभा आहे ना? जन्मभर माझ्याशी वाद घातलेस, त्यातला एक मिटवला नाहीस, आणि तुझं म्हणे काही अडलेलं नाही? निदान चार माणसांना थोडा वेळ ताटकळत तरी ठेवायचंस. मी शेवटपर्यंत थांबलो असतो. उन्हात उभा राहून हात जोडून म्हटलं असतं, काय पाहिजे ते सांग बाबा. तू तेवढीसुद्धा संधी दिली नाहीस.

आपल्या जोडीचं लोकांना नवल वाटायचं. घोडेगावच्या पेठेतला मारवाडी घाणेवाला आणि डिंभ्याच्या कालव्याकाठचा शेतकरी. चार लोकांत तू मला "शेठ" म्हणायचास, तेही असं लांबवून की त्यात निम्मी थट्टा असायची. दोघंच असलो की "कांत्या". माझ्या घरात मला कांत्या म्हणणारं कुणी उरलेलं नव्हतं. आई गेल्यावर तूच होतास. आता मी नुसता शेठ राहिलो.

आणि तुझा तो कायमचा प्रश्न! "तुमी जैन लोकं जमिनीखालचं खात न्हाई. कांदा न्हाई, बटाटा न्हाई. मग भुईमूग कसा चालतो? तो काय झाडाला लटकतो व्हय?" मी सांगायचो की ते मूळ नाही, फळ आहे, फुलाची आरी, म्हणजे तो बारीक दांडा, जमिनीत शिरते आणि तिथे शेंग धरते. तुला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत. जन्म गेला तुझा भुईमूग लावण्यात. तरी दरवर्षी नव्यानं विचारायचास आणि वर म्हणायचास, "घाणा हाय म्हणून तुझ्या धर्मानं सवलत दिलीय तुला." माझी बायको आतून ओरडायची, "दत्तूभाऊ, पुरे!" आणि तुला चहा पाठवायची.

घाणा म्हणजे काय, हे राजेशच्या पोरांना आता समजावून सांगावं लागतं. आजोबांच्या वेळचा लाकडी घाणा आणि बैल गेले, वडिलांनी लोखंडी मशीन बसवलं, पण नाव घाणाच राहिलं. शेतकऱ्यानं आपल्या शेंगा आणायच्या, समोर फोडून घ्यायच्या, समोर गाळून घ्यायच्या. बाकावर बसून राहायचं. तेल आपल्या डब्यात, पेंड आपल्या पोत्यात, आणि मशीनला धार लागली की पहिली धार ज्याच्या शेंगा त्याच्या तळहातावर. ही आमच्या घाण्याची रीत. मशीन तापलेलं असतं, तेल कोमट आणि गढूळ असतं, माणूस ते चाटून बघतो आणि मान हलवतो. मग डबा खाली लागतो. तू कधी मान हलवली नाहीस. तू म्हणायचास, "जरा जळाल्यागत लागतंय, शेठ." दरवर्षी. आणि मी दरवर्षी चिडायचो.

आपलं खरं भांडण पामतेलाचं. ते कुठून सुरू झालं तेही मला आठवतंय. रेशनवर दिवाळीला पामतेल मिळायचं त्या वर्षांत. लोक डबे घेऊन रांगेत उभे. थंडी पडली की ते तेल डब्यात थिजायचं, बाया डबा चुलीच्या कडेला ठेवायच्या नाहीतर उन्हात. मी नाकाला रुमाल लावून म्हणायचो, हे काय तेल आहे? याला ना वास ना चव. तू एकदा माझ्या बाकावर बसून मला धुऊन काढलंस.

"कांत्या, तुझ्या तेलाचा वास लई भारी, मान्य. पर माझ्या रानात निंदायला वरच्या वाडीतल्या बाया येत्यात, त्यांनी कधी कढई भरून तेल पाह्यलंय का? पळीनं मोजून फोडणी टाकणाऱ्या बाया त्या. पामतेल आलं तवा त्यांच्या घरात पैल्यांदा करंज्या तळल्या. तू वासाचं बोलतो. ती पोरं करंजी खात व्हती, रं."

उत्तर सुचायला मला कायम रात्र मधे जावी लागते, आणि तुला हे माहीत असल्यामुळे तू बोलून लगेच उठायचास. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तुझ्या रानात आलो. म्हटलं, "तिकडून नुसतं तेल येतं दत्तू. पेंड येत नाही. तुझी म्हैस काय खाणार? टरफल येत नाही, वीटभट्टीवाला काय जाळणार? आणि भुईमूग काढल्यावर त्या रानात गहू कसा येतो ते तू मला सांगतोस दरवर्षी. ते जहाजातून येणार आहे का?" तू खुरप्याची माती बांधावर झटकलीस. मग म्हणालास, "पेंडीचं तुझं खरं हाय." एवढंच. जन्मात तू माझं काही खरं म्हटलंस ते हे एक. मी ते पेठेत सगळ्यांना सांगितलं.

मग परदेशी तेल कुणीही आणावं अशी मोकळीक झाली आणि पामतेल रेशनच्या दुकानातून निघून सगळीकडे पसरलं. मंचरच्या व्यापाऱ्याकडे डब्यांच्या थप्प्या लागल्या. सरकार कधी त्यावरचा कर चढवी, कधी उतरवी. उतरवला की तिकडचं तयार तेल माझ्या घाण्यावर येणाऱ्या नुसत्या शेंगदाण्यापेक्षा स्वस्त पडे. तूच सांग, मी काय करणार होतो? मुंबईच्या बंदरात जहाज लागायचं आणि घोडेगावात माझ्या मशीनचा पट्टा थांबायचा. हॉटेलवाले गेले, वडेवाले गेले, मग घरची गिऱ्हाइकं गेली. इकडे कालव्याचं पाणी आलं होतं. लोकांनी भुईमूग मोडून ऊस लावला, कांदा लावला, टोमॅटो लावला. त्यांचं तरी काय चुकलं? वेचणीच्या मजुरीतच शेंगा संपायच्या. मी कुणाला दोष दिला नाही. घरी येऊन चिडचिड केली, ती बायकोनं सोसली.

तुझ्या भोवतीची सगळी रानं उसाची झाली आणि मधे तुझा एक तुकडा भुईमुगाचा. लोक तुला खुळा म्हणत. तू म्हणायचास, "मला घाण्यावर बसायला निमित्त लागतं."

आणि मग तुझा तो पराक्रम. तो लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

तू कोकणात पाहुण्यांच्या लग्नाला गेलास आणि येताना टेम्पोत रोपं घेऊन आलास. नारळासारखी दिसणारी, काटेरी. गावानं विचारलं, काय आणलं? तू म्हणालास, "पामतेलाची झाडं." मला वाटलं, थट्टा करतोय. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर कालव्याच्या कडेनं खड्डे घेऊन रोपं उभी! मी बांधावरूनच ओरडलो, "दत्त्या, सगळं जग मला बुडवायला निघालंय ते कमी होतं का, म्हणून तू घरचा माणूस हे लावतोस?" तू नुसता हसलास. पुढची चारेक वर्षं त्या झाडांनी तुझं पाणी पिऊन टाकलं. भुईमुगाची पाळी कमी करून तू त्यांना पाणी दिलंस. गावात "दत्तूचं मलेशिया" असं नाव पडलं.

त्या काळात टीव्हीवर तिकडची जंगलं दाखवायचे. पेटलेली रानं, धुरात बुडालेली शहरं, झाडावरून हुसकावलेली माकडं. पामची लागवड करायला जंगल साफ करतात म्हणे. मी तुला मुद्दाम दुकानात बोलावून ते दाखवलं. म्हटलं, बघ तुझ्या स्वस्त तेलाचं. तू शेवटपर्यंत बघितलंस. मग म्हणालास, "झाडाचा काय दोष हाय यात? एक झाड बारा महिने घड देतं. तेवढं तेल भुईमुगातनं काढायचं म्हणलं तर रान किती लागंल? आख्खा आंबेगाव, आख्खा जुन्नर भुईमुगाखाली घातला तरी पुरायचं न्हाई. मग त्यासाठी दुसरं जंगल तोडशील." मी म्हटलं, "म्हणून ते जाळायचं?" तू म्हणालास, "म्या कुठं म्हणलं जाळा? चुकीचंच हाय ते. पर कांत्या, डिंभ्याच्या धरणाच्या पाण्याखाली वरची गावं गेली, तवा तुझ्या घरात कोण रडलं? माझ्या घरात कोण रडलं? त्याच पाण्यावर माझा भुईमूग येतो आन् तुझा घाणा चालतो. आपुन तिकडच्याला शानपन शिकवायचं व्हय?"

हा वाद अर्धाच राहिला. याचं उत्तर मला एका रात्रीत नाही, इतक्या वर्षांतही सुचलं नाही. सुचलं असतं तर धावत आलो असतो.

मग घड धरले. लालभडक, शेंदरी, बोराएवढ्या फळांचे गच्च घड, खाली काटे. तू हात रक्तबंबाळ करून ते उतरवलेस आणि टेम्पो थेट घाण्यावर आणलास. म्हणालास, "गाळ." मी म्हटलं, "याचं मशीन वेगळं असतं रे बाबा, आधी वाफवावं लागतं म्हणतात, उतरवल्या उतरवल्या काढावं लागतं, नाहीतर आंबतं." तू म्हणालास, "तेलच हाय की. शेंगेतनं निघतं, तर यातनं का न्हाई निघायचं?" तेवढ्यात वीज गेली. भारनियमनाचे दिवस. त्या दिवशी आली नाही, दुसऱ्या दिवशीही धड आली नाही. तोवर फळांना आंबूस वास सुटला. वीज आली तेव्हा तू फावड्यानं फळं भरलीस आणि मी, मूर्ख, मशीन चालू केलं.

आठवतंय ना? आधी कचकच आवाज आला, मग घुर्रर्र, मग पट्टा सुटून भिंतीवर आपटला. सगळा चोथा आणि दोरे स्क्रूत असे गुंतले की मशीन जागच्या जागी गच्च. आणि शेंदरी राड! भिंतीवर, बाकावर, तुझ्या सदऱ्यावर, माझ्या चष्म्यावर. माझी बायको दारात येऊन म्हणाली, "हनुमान जयंती आहे का आज?" मी इतका ओरडलो की समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. "माझ्या घाण्याचं वाटोळं करायलाच जन्माला आलास तू! काय साधलंस ही झाडं लावून? काय साधलंस?"

तू जमिनीवर पालथा पडून सळईनं चोथा काढत होतास. मान वर न करता म्हणालास, "घाण्याला माल न्हाई म्हणून तूच रडत व्हता ना? जगात पामतेलच चालणार आसंल, तर ते तुझ्याच घाण्यावर निघू दे म्हणलं. तुझ्यासाठी लावली झाडं, आन् तू मलाच शिव्या देतो व्हय?"

दत्तू, मी तेव्हा काय केलं? दुसरी सळई घेतली आणि तुझ्याशेजारी पालथा पडलो. दुपारभर आपण चोथा काढला. बोललो नाही. आज बोलतो. माझ्यासाठी आजवर कुणी झाड लावलेलं नाही. लोक देवासाठी लावतात, पोरांसाठी लावतात. तू एका चिडक्या घाणेवाल्यासाठी स्वतःच्या भुईमुगाचं पाणी तोडून रांगच्या रांग लावलीस, आणि तीही त्याला ज्यांच्या नावानं कापरं भरायचं त्या झाडांची. तुझ्यासारखा येडा मला परत भेटणार नाही.

उरलेली फळं तू घरी नेऊन पातेल्यात शिजवलीस, फडक्यात पिळलीस आणि तांब्याभर तेल काढलंसच. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तुझ्या ओट्यावर त्यात मिरचीची भजी. तू घाई करत होतास, "शेठ, सूर्य चाललाय, नंतर तुमच्या धर्मात खायचं न्हाई म्हणून तोंड बांधून बसशील. खा लवकर." भजी शेंदरी, वास गाजरासारखा, आणि मागून आंबूस. इंदूवहिनींनी एक खाल्लं आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. तू म्हणालास, "झकास!" मी म्हटलं, "एक नंबर!" आणि दोघांनी ताट संपवलं. रात्रभर माझं पोट दुखत होतं. तुझंही दुखलं असणार, पण तू कबूल केलं नाहीस.

झाडं मग तू काढून टाकलीस. एकट्यादुकट्यानं लावायचं पीक नाही ते, हे तूच मला नंतर समजावलंस. जवळ त्याचा कारखाना पाहिजे, घड उतरला की त्याच दिवशी पोचला पाहिजे, भोवतीच्या सगळ्यांनी तेच लावलं पाहिजे, आणि लावलं की पंचवीस-तीस वर्षं त्या कारखान्याच्या दारात उभं राहायचं. "उसागतच हाय की," तू म्हणालास, "मग ऊस काय वाईट?" बांधावर दोन झाडं मात्र ठेवलीस. काल बघितली. सुगरणींनी घरटी लोंबकळवलीत त्यांना. तेवढी तरी कामी आली.

राजेशनं दुकानात पामतेल ठेवायचं म्हटलं तेव्हाही तू त्याच्या बाजूनं उभा राहिलास. "पोराला धंदा करू दे. तुझी रुसवेफुगवे करायची हौस त्यानं का फेडायची?" मी आठ दिवस तुझ्याशी अबोला धरला. बाजारच्या दिवशी तू घाण्यावर येऊन बाकावर बसून राहिलास, मी बोलेना, तू उठेना. शेवटी माझ्या बायकोनं दोघांना एकाच बशीत पोहे दिले. संपलं भांडण.

मधे तिकडचं तेल एकदम चढलं. खायचं तेल म्हणे गाड्यांत घालायला लागले. पेठेतल्या बाया माझ्याकडे आल्या, "शेठ, शेंगदाण्याचं काढून देता का?" मला वाटलं, जिंकलो. पण शेंगा कुठे होत्या काढायला? रानं उसाखाली. बियाणं संपलेलं. तुझीच काय ती चार पोती, ती तुझ्या घरालाच लागायची. जिंकूनही माझ्याकडे विकायला तेल नव्हतं. मग भाव परत उतरले आणि बाया परत पिशव्या न्यायला लागल्या. त्या वेळी तू मला टोमणा मारला नाहीस.

तेव्हाच मी मनात ठरवलं होतं, दत्तू. घाणा काढायचा. वर्षातून दिवाळीच्या तोंडावर थोडे दिवस चालणारं मशीन किती वर्षं सांभाळायचं? राजेशला तेलाच्या डब्यांसाठी जागा हवी होती. आळेफाट्याचा एक जुनी मशिनं घेणारा माणूस येऊन बघून गेला, दिवाळीचा पाडवा झाला की उचलतो म्हणाला. मी हो म्हटलं. तुला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

दसऱ्यानंतर तू पोती घेऊन आलास तेव्हा सांगणार होतो. चहा झाला. मी म्हटलं, "दत्तू, एक बोलायचंय." तू मधेच म्हणालास, "थांब, माझं ऐक. पुढच्या उन्हाळ्यात जरा जास्त लावतो भुईमूग. खालचा उसाचा तुकडा मोडतो." मी म्हटलं, "ऊस मोडून भुईमूग? अक्कल गहाण टाकलीस का?" तू म्हणालास, "तुला गाळायला जड जातंय का? तू मशीनला तेलपाणी करून ठेव. सोमवारी येतो, मग ही पोती गाळू." आणि गेलास. जाताना मशीनवर थाप मारलीस, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी.

सोमवारी तू आला नाहीस.

तेराव्याच्या आदल्या दिवशी आचाऱ्यानं सामान लिहून दिलं, त्यात पामतेलाचा डबा. राजेश काढून द्यायला निघाला होता. तेवढ्यात इंदूवहिनी जीपमधून उतरल्या, हातात रिकामे डबे. माझ्या हयातीत त्या कधी घाण्यावर आल्या नव्हत्या. कपाळ मोकळं, पदर घट्ट आवळलेला. म्हणाल्या, "भाऊजी, त्यांच्या शेंगा हायेत ना? त्यातच तळायचं उद्या."

मी मशीन चालू केलं. वीज होती, नशीब. शेंगा फोडल्या, दाणे भरले, घाणा तापला आणि तो वास पेठेत गेला. तुला माहीत आहे तो वास. समोरचा शिंपी आला, किराणावाला आला, दोघं-तिघं रस्त्यावरचे आले. धार लागली. आणि मी तिथेच अडलो. पहिली धार ज्याच्या शेंगा त्याच्या हातावर. डबा लावायला हात पुढे होईना. तेल खाली सांडायला लागलं. तेव्हा वहिनींनी आपला हात पुढे केला. धार हातावर घेतली, चाटली, पदराला हात पुसला. मग म्हणाल्या, "जरा जळाल्यागत लागतंय, शेठ."

मी रडलो रे. पेठेतल्या लोकांसमोर, भर दुपारी. लाज वाटली नाही.

तीन पोती गाळून झाली. चौथ्याला हात घातला तर वहिनी म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. फोडू नका. बियाण्याला हाय." मग पोत्याचं तोंड हातानं आवळून धरलं. म्हणाल्या, "पर आधी मला सांगा, भाऊजी. उन्हाळ्यात लावू का नको? घाणा ऱ्हाणार आसंल तर लावते. न्हाई तर ह्याबी शेंगा गाळून टाका, पोरं म्हणत्यात ऊसच ऱ्हाऊ दे."

मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. आळेफाट्याच्या बाजारात तो मशीनवाला भेटला व्हता त्यांना. घरी येऊन म्हणले, कांत्या घाणा काढतोय, मला सांगायला त्याची जीभ रेटंना. म्या म्हणलं, मग तुमी इचारा. तर म्हणले, इचारायचं कशाला? त्याच्या दारात पोती टाकून येतो. शेंगा दारात असल्यावर त्याचा हात न्हाई उठायचा."

तर तुला माहीत होतं. बाकावर बसून माझा चहा पिताना माहीत होतं. मी तोंड उघडलं आणि तू मधेच बोललास, ते मुद्दाम. आयुष्यभर मला वाक्य पुरं करू दिलं नाहीस, आणि हेही नाही.

एका पोत्यावर घाणा चालत नाही, हे मला कळतं. उद्या पुन्हा जहाज लागेल, पुन्हा भाव पडेल, राजेशच्या पिशव्या पुन्हा माझ्या तेलापुढे जातील, आणि वरच्या वाडीतल्या बाईला त्याच परवडतील. तुझं ते बरोबर होतं. माझं पेंडीचं बरोबर होतं. बाकीचं आपण वर भेटल्यावर बघू.

मी वहिनींना म्हटलं, "लावा."

संध्याकाळी आळेफाट्याच्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगितलं. तो चिडला, चिडू दे. तुझं पोतं राजेशनं उंदीर लागू नये म्हणून उचलून फळीवर ठेवलं आणि पामतेलाचे डबे पलीकडे सरकवले. काल तुझ्या अंगणात पंगत उठल्यावर, सूर्य मावळायच्या आत, मी तुझ्या तेलातली पुरी खाल्ली.

आणि आता कळलं कावळा इतक्या लवकर का शिवला ते. तुझं काही मागं राहिलं नव्हतं म्हणतात! राहिलं होतं की, दत्तू. फक्त नदीवर नव्हतं, माझ्या घाण्यावर होतं.